बाणाचं वजन

आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात कातकरी, ठाकर मंडळी पूर्वी तिरकमठ्याने शिकार करत. मी जुन्नरात बांबूचे बाण करतो, ते फक्त पेंढ्यावर मारायला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. भीमाशंकरचं जंगल तर १९८५ पासून अभयारण्य आहे. तरी बाण शिकारीच्या मापाचाच करतो.

हलका बाण लांब जातो, पण लागताच त्याचा जोर सरतो. जड बाण सावकाश जातो, लवकर खाली येतो, मात्र खोल शिरतो. वजन टोकाकडे असलं की तो सरळ राहतो. माझ्या ७० सेंटिमीटरच्या बाणाचा तोल मध्यापासून १० सेंटिमीटर पुढे आहे. टोक जड केलं की सुटताना काडी जास्त वाकते, म्हणून बांबू ताठ लागतो. आणि असा बाण मारणाऱ्याला जनावराच्या जवळ जावंच लागतं.

बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत हदीस आहे. अदी बिन हातिम यांनी पैगंबरांना (स.) जाड बाणाच्या शिकारीबद्दल विचारलं. उत्तराचा आशय असा: टोकाने भोसकलं तर खा, आडव्या माराने मेलं तर नको. म्हणजे वजनाने चिरडायचं नाही. वजनाने धार आत न्यायची.

पोरं विचारतात, शिकारच नाही तर हा हिशोब कशाला? बकरीदला सुरीला धार लावतो, तेव्हाही हिशोब हाच असतो: समोरच्या जिवाला कमीत कमी त्रास. तो विचार हात उचलण्याआधी करायचा असतो.