आरशातला डाव

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. महाडच्या एका शाळेत बुद्धिबळाची स्पर्धा भरली होती. तिसऱ्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला आणि माझ्या नावासमोर दादाचे नाव वाचून माझे पाय जड झाले. बाबांच्या पश्चात पोलादपूरच्या घराच्या वाटणीवरून आमचे बोलणे तुटले होते. दोन नाताळ आले नि गेले; पण दादाने पोलादपूरची वाट धरली नाही, की मी महाडात त्याच्या दारी गेलो नाही.

पांढरी मोहरी दादाकडे होती. त्याने वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे दोन घरे सरकवले. मीही तेच केले. इंग्लंडच्या हॉवर्ड स्टाँटनने १८४३ साली पॅरिसच्या सामन्यात ही सुरुवात वापरली, म्हणून तिला 'इंग्लिश' हे नाव पडले. घोडे निघाले, राजाकडील उंट बाजूच्या प्याद्यामागे दबा धरून बसले, दोघांचेही किल्लेकोट झाले. सहा खेळ्यांनंतर पट म्हणजे जणू आरसाच!

हा डाव आम्हांला बाबांनी शिकवला होता. जुलै १९७२ मध्ये रेक्याविक येथे फिशर आणि स्पास्की यांचा आठवा डाव असाच सुरू झाला होता. सातव्या खेळीला फिशरने वजिरापुढचे प्यादे रेटून मध्य मोकळा केला. पंधराव्या खेळीत स्पास्की चुकला, उंटाच्या बदल्यात हत्ती गमावून बसला आणि ३७ खेळ्यांत हरला. तो डाव पटावर मांडून दाखवताना बाबा म्हणाले होते, "नक्कल करणाऱ्याला वाटते, आपण सुरक्षित आहोत. पण पोरांनो, कुणीतरी आधी पुढे यावेच लागते."

आमचा अबोलाही असाच नव्हता का? तो बोलत नाही म्हणून मी बोलत नव्हतो; मी जात नाही म्हणून तो येत नव्हता.

दादाने मान वर न करता वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. त्याचा हात किंचित थरथरत होता.

मी हरलो. रीतीप्रमाणे हात पुढे केला, तो त्याने सोडलाच नाही. हलक्या आवाजात विचारले, "आई कशी आहे रे?"

आता खेळी माझी होती. म्हणालो, "दादा, घरी चल."

संध्याकाळच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. फारसे बोललो नाही. वाटणीचा कागद अजूनही अपुराच आहे. पण त्या रात्री आईने कितीतरी दिवसांनी दोन ताटे शेजारी मांडली.