कडबोळं

मागच्या उन्हाळ्यात आई फिलाडेल्फियाला आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि एकटी. तिला परकं वाटू नये म्हणून मी भाजणी, मेतकूट, लोणची... सगळा जामानिमा करून ठेवला होता. आठ दिवसांनी तीच म्हणाली, "अगं, हे तर मी घरीही खाते. तू इथे काय खातेस ते दाखव की!"

मग शनिवारी रीडिंग टर्मिनल मार्केट गाठलं. १८९३ साली रेल्वे स्टेशनच्या खाली सुरू झालेली ही मंडई. पांढऱ्या टोप्या घातलेल्या आमिश मुली पिठाच्या वळ्यांना पीळ घालून प्रेटझेल करत होत्या. आई तिथेच थबकली. "हे तर कडबोळंच!" मस्टर्ड चाखून म्हणाली, "आणि ही फेसलेली मोहरी. फक्त नाकात जात नाही."

तिथून चालत लिबर्टी बेल पाहायला गेलो. १७५२ मध्ये लंडनहून आलेली घंटा वाजवून बघतानाच तडकली. इथल्या कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली, पण पुढे तीही तडकलीच! आई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं. पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता."

मला हे माहीतच नव्हतं. आठ दिवस मी नुसतं वाढत होते, बाबांचा विषय निघू नये म्हणून. बाहेर बाकावर बसलो आणि मग खूप बोललो. उरलेलं कडबोळं संध्याकाळी चहाबरोबर संपवलं.