परकोटाचे राखणदार

बालमित्रांनो, तुमच्या गावाला भिंत आहे का? घराभोवतीचं कुंपण नव्हे हं, अख्ख्या गावाला कवेत घेणारी भिंत! चंद्रपूरला अशी भिंत आहे. आमच्याकडे तिला 'परकोट' म्हणतात.

आमचं पोंभुर्णा याच जिल्ह्यातलं, जंगलाच्या कडेचं. आमच्या शाळेतली मुलं चंद्रपूरला जातात ती दवाखान्यासाठी, कापडचोपड आणायला, नाहीतर चैत्रात महाकालीच्या यात्रेला. परकोटाच्या दरवाजातून आत शिरतात, बाहेर पडतात. पण मान वर करून पाहतं कोण? म्हणून एका सहलीत ठरवलं, आज फक्त भिंत पाहायची!

आधी बल्लारपूरला उतरलो. वर्धा नदीच्या काठी तिथं गोंड राजांचा जुना किल्ला आहे. त्यांची राजधानी पूर्वी इथंच होती. मग ती चंद्रपूरला का गेली? त्याची एक छान दंतकथा आहे. खांडक्या बल्लाळशाह नावाचा राजा होता. त्याच्या अंगभर फोड. कुठल्याच औषधानं गुण येईना. एकदा शिकारीला गेला असता त्याला तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं पडलेलं; पण एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. राजानं हातपाय धुतले, तोंड धुतलं, पोटभर पाणी प्यायला. आणि काय आश्चर्य! त्याचे फोड बरे झाले. अचलेश्वराचं देऊळ त्याच जागी उभं राहिलं, असं सांगतात.

पुढं तर आणखी गंमत. राजाच्या कुत्र्यापुढून एक ससा पळत होता. पळता पळता ससाच उलटला आणि कुत्र्याच्या मागे लागला! सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राजानं ही हकीकत राणीला सांगितली. राणी हुशार. ती म्हणाली, "ससा जिथं शूर होतो, ती भूमी शूरांची. तिथंच नगर वसवा." ससा ज्या वाटेनं धावला, त्या वाटेवर म्हणे परकोटाचा पाया घातला. खरं-खोटं सशालाच ठाऊक! पण पंधराव्या शतकात गोंड राजांनी ही राजधानी वसवली आणि पुढच्या राजांनी भिंतीचं काम नेटानं पुरं केलं, हा मात्र इतिहास आहे.

परकोटाला चार दरवाजे आहेत: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच लहान दरवाजे. त्यांना 'खिडकी' म्हणतात. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण ही त्यांची नावं. 'चोर खिडकी' म्हटल्याबरोबर मुलं खुसखुसली. 'मसाण खिडकी' म्हटल्यावर एकदम गप्प! दरवाजांवर दगडात एक चित्र कोरलेलं आहे. सिंहानं हत्तीला नमवलेलं. ते गोंड राजांचं राजचिन्ह.

भिंतीवरून चालताना एका मुलीनं विचारलं, "सर, भितीत हे झाड कोणं लावलं जी?" प्रश्न लाखमोलाचा होता. ते झाड कुणी लावलेलं नसतं. पाखरं पिंपळाची, वडाची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दगडांच्या फटीत पडतं. पावसाळ्यात त्याला कोंब फुटतो. केसाएवढं मूळ चुन्यात शिरतं. काही वर्षांत ते मनगटाएवढं जाड होतं आणि दगड बाहेर ढकलू लागतं. मग त्या फटीतून पाणी शिरतं, चुना धुपतो आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत ढासळते. जी भिंत शत्रूसाठी बांधली, ती चिमणीच्या चोचीएवढ्या बियाण्यापुढं हरते! वरवर फांद्या तोडून भागत नाही, झाड पुन्हा फुटतं. मूळ काढायचं, पण तेही जपून, नाहीतर मुळासोबत दगडही हातात येतो.

लगेच दुसऱ्याचा प्रश्न, "मग येवढी मोठी भित झाडते कोण जी?"

हा परकोट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तरीही वर्षानुवर्षं त्यावर झुडपं माजली होती, कचरा साचला होता. २०१७ च्या मार्च महिन्यात चंद्रपूरच्या 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी हातात कुऱ्हाडी, विळे, फावडी आणि घमेली घेतली. बंडू धोत्रे हे या संस्थेचे प्रमुख. रोज सकाळी यायचं, झुडपं काढायची, माती उचलायची, की मग आपापल्या कामाला जायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दोनशेहून जास्त दिवस! २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात' या रेडिओवरच्या कार्यक्रमात त्यांचं कौतुक केलं. झुडपांखाली दडलेले बुरूज चंद्रपूरच्याच माणसांना पुन्हा दिसू लागले.

आता तुम्हाला जगाच्या दुसऱ्या टोकाला नेतो. तिथंही अशीच एका नगराची भिंत होती. हॉलंड देशातले लोक, म्हणजे डच, सतराव्या शतकात समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. आपल्या जुन्या मराठी कागदांत त्यांना 'वलंदेज' म्हटलेलं आढळतं. मॅनहॅटन बेटावर लेनापे आदिवासी राहत होते. तिथं या वलंदेजांनी 'न्यू ॲमस्टरडॅम' नावाचं गाव वसवलं. १६५३ मध्ये गावाच्या एका बाजूनं लाकडी भिंत घातली. ती उभारायला आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनाही राबवलं होतं. १६६४ मध्ये इंग्रजांनी गाव घेतलं आणि त्याचं नाव न्यूयॉर्क ठेवलं. १६९९ मध्ये भिंत पाडली. आज तिथं भिंत नाही, फक्त रस्त्याचं नाव उरलंय: वॉल स्ट्रीट! सारं जग ते नाव घेतं, पण ती भिंत कुणाला पाहता येत नाही.

त्या डच वसाहतकऱ्यांच्या वंशजांनी १८८५ मध्ये 'हॉलंड सोसायटी ऑफ न्यूयॉर्क' ही संस्था काढली. जुनी कागदपत्रं, चर्चमधल्या नोंदी, घराण्यांच्या वंशावळी त्यांनी जमवल्या आणि छापल्या. भिंत नाही तर नाही, निदान माणसांची आठवण तरी राहावी! पण तिथं सभासद व्हायचं, तर १६७५ पर्यंत त्या वसाहतीत राहिलेल्या एखाद्या पूर्वजाशी आपलं घराणं जुळवून दाखवावं लागतं.

हे वलंदेज आपल्या महाराष्ट्रातही आले होते, बरं का! कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. वखार म्हणजे व्यापाराचा माल ठेवायची मोठी, भक्कम इमारत. आज तिची फार पडझड झाली आहे. वखार बांधणारे वलंदेज केव्हाच निघून गेले. त्यांचे वंशज काही झाडू घेऊन वेंगुर्ल्याला येणार नाहीत. मग ती वास्तू कुणाची? मला विचाराल तर वेंगुर्लेकरांची, आणि तुमची-माझीही.

परकोट साफ करणारे हात तरी कुठं सगळे राजघराण्यातले होते? कुणाचे पणजोबा कोण, हे घमेलं उचलताना कुणी विचारत नाही. पण म्हणून परकोट कुणी बांधला हे मात्र विसरायचं नाही. गोंड राजांनी तो बांधवला आणि नावनिशाणी न ठेवता गेलेल्या शेकडो मजुरांनी त्याचे दगड वाहिले. आमच्या वर्गात गोंडांची मुलं आहेत. पुस्तकात राजेरजवाड्यांचे धडे खूप, पण आपल्या राजांचा धडा त्यांना क्वचितच सापडतो. तो धडा चंद्रपुरात दगडात लिहिलेला आहे. भिंत पडली, तर धडाच पुसला जाईल.

भिंतीवर खडूनं, खिळ्यानं नावं लिहिलेलीही आम्हाला दिसली. मुलांना म्हटलं, बांधणाऱ्यांनी आपलं नाव कोरलं नाही, मग आपण कशाला कोरायचं?

आता तुम्ही काय कराल? जुन्या वास्तूचा दगड हलवायचा नाही, की आपल्या मनानं तिथं सिमेंट थापायचं नाही. ते जाणकारांचं काम. पण गावातली जुनी विहीर, बारव, देऊळ, गढी कुणी बांधली, हे आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. शेतांची, नाल्यांची, टेकड्यांची जुनी नावं लिहा. गोंडी येणारी आजी भेटली, तर त्या नावांचा अर्थ तिला विचारा. आई-बाबांनो, सुट्टीत मुलांना घेऊन एक दिवस परकोटाभोवती चाला. पाय दुखतील, पण चारही दरवाजे आणि पाचही खिडक्या मुलांच्या तोंडपाठ होतील. आणि दगडाच्या फटीत दोन पानांचं पिंपळाचं रोप दिसलं, तर किल्ला राखणाऱ्यांना लगेच सांगा. दोन पानं आहेत, तोवरच काम सोपं असतं!