‘फ्रॉट’च्या पुढे काय?

इंग्रजी मजकुराचं संपादन करताना एका विशेषणापाशी थांबावंच लागतं : ‘फ्रॉट’ (fraught), म्हणजे तणावाने भरलेलं. वाटाघाटी फ्रॉट, दोन देशांचे संबंध फ्रॉट, आई-मुलीचं नातंही फ्रॉट. शब्द उत्तम आहे. माझा आक्षेप तो एकटा वापरण्याला आहे. त्याचं मूळ मध्ययुगीन डचमधल्या जहाजी मालाच्या शब्दात आहे, ‘फ्रेट’ही त्याच घराण्यातला. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शेक्सपिअर तो मालाने भरलेल्या, बुडालेल्या जहाजासाठी वापरतो, ‘किंग लिअर’मध्ये मात्र गॉनरिल बापाच्या शहाणपणाबद्दल. म्हणजे भरलेलं ते वाईटच असतं असं नव्हे. पुढे ‘विथ’ लावून धोका, अडचण असं नाम जोडायची रीत रुळली, आणि विसाव्या शतकात ते नामही गळून नुसती घालमेल उरली.

त्यात काय हरवतं, ते ब्रेक्झिटच्या बातम्यांत दिसतं. २०१६च्या सार्वमतानंतर आयर्लंडच्या सीमेची चर्चा फ्रॉट आहे, असं लिहून कुणाला काय कळणार? उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली ही सीमा सुमारे ५०० किलोमीटरची. उत्तरेकडचं दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं, माणसं कामासाठी रोज ये-जा करतात. १९९८च्या शांतता करारानंतर तिथली लष्करी ठाणी टप्प्याटप्प्याने उठली होती. ब्रिटन युरोपच्या जकात व्यवस्थेबाहेर पडणार म्हटल्यावर मालाची तपासणी कुठे तरी करणं आलंच. ती जमिनीवर केली तर आयरिश राष्ट्रवादी दुखावणार होते, समुद्रमार्गावर केली तर ब्रिटनशी एकनिष्ठ असलेले युनियनिस्ट. एवढं सांगितलं की पेच डोळ्यांसमोर उभा राहतो.

भाषा बदलते, शब्दाचा जन्मदाखला कशाला मागायचा, असं कुणी म्हणेल. मान्य, व्युत्पत्तीच्या जोरावर मी कुणाला चूक ठरवणार नाही. कादंबरीत, पात्रांनाच कारण उमगलेलं नसताना, एकटा ‘फ्रॉट’ शोभतोही. मथळ्यात जागा कमी, हेही खरं. पण मथळ्याखालच्या मजकुराला ती सबब नाही. मराठीतही हेच होतं : ‘परिस्थिती तणावपूर्ण, पण नियंत्रणात’ हे वाक्य मराठी वाचकाने किती तरी दंगलींच्या बातम्यांत वाचलंय. कोण कुणाला घाबरून आहे, कुठला रस्ता बंद आहे, उद्या शाळा भरणार का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. आणि ज्याचं घर त्या वस्तीत आहे, त्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून मी शब्द खोडत नाही, समासात ‘कशाने?’ एवढंच लिहिते. उत्तर देता आलं, तर बहुतेकदा लेखक स्वतःच ते विशेषण काढून टाकतो.