आशीर्वाद एकच असतो का?

‘आशीर्वाद’ हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की त्याला एक दिशा आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. मराठीत आशीर्वाद मागितला जातो, घेतला जातो, लाभतो. घेणारा वाकतो आणि देणारा उभा असतो. वयाने, नात्याने, विद्येने आणि या सगळ्यांच्या आधी जातीने जो वरचा, त्याने द्यायचा, असा एक अलिखित संकेत त्यामागे आहे. शब्दाची फोड केली तर मात्र यातले काहीच सापडत नाही. ‘आशिस्’ म्हणजे शुभेच्छा आणि ‘वाद’ म्हणजे बोलणे. दुसऱ्याचे बरे व्हावे ही इच्छा मनात न ठेवता तोंडाने उच्चारणे, एवढाच त्याचा अर्थ. ग्रीक आणि लॅटिन बायबलांत या अर्थाने येणाऱ्या क्रियापदांची फोडही ‘चांगले बोलणे’ अशीच होते.

ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे हा शब्द मला प्रथम भेटला तो बायबलमधल्या एका अस्वस्थ करणाऱ्या कथेत. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात आंधळा झालेला म्हातारा इसहाक थोरल्या मुलाला, एसावाला, आशीर्वाद द्यायला निघतो. पण धाकटा याकोब कपटाने भावाचे सोंग घेऊन तो आधीच पदरात पाडून घेतो. एसाव शिकारीहून परततो तेव्हा द्यायचे ते देऊन झालेले असते. तो हंबरडा फोडतो आणि बापाला विचारतो की तुमच्यापाशी एकच आशीर्वाद होता काय? पळून गेलेला याकोब पुढे उघड्यावर धोंडा उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी पाहतो आणि त्या जागेला ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो.

हे नाव आमच्या जालना जिल्ह्याला परके नाही. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात काम करू लागले आणि त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती कुटुंबांची जी वस्ती वसवली, तिचे नाव त्यांनी बेथेल ठेवले. गावाच्या वेशीबाहेर ज्यांचे आयुष्य गेले होते, अशा माणसांना ‘देवाचे घर’ हा पत्ता मिळाला, याचे मोल आज शहरात बसून कळणे अवघड आहे.

माझ्या आजीचे माहेर त्या बाजूचे. लग्न होऊन ती धावड्याला आली. धावडा हे भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अलीकडचे गाव; कापूस, मका आणि मिरचीचा मुलूख. आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु कापूस वेचताना, पाणी भरताना, बांधावरून कोणी जाताना दिसले की ती ‘भलं होवो तुझं’ असे म्हणत असे. यात लहानथोर पाहिले जात नसे आणि जात तर नाहीच. घरात सांगितली जाणारी एक आठवण अशी की एका मोठ्या शेतकऱ्याने तिला एकदा फटकारले, ‘तुझा आशीर्वाद मागितलाय कुणी?’ आजी म्हणाली, ‘मागायचं कशाला? माझ्याजवळ लई हाये.’ संध्याकाळी त्याच माणसाकडून तिने मजुरी मात्र मोजून घेतली.

एसावाच्या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर मला कोणत्याही भाष्यग्रंथात मिळालेले नाही. ज्या व्यवस्थेत तिच्या सावलीचाही विटाळ मानला गेला होता, तिथे तिने आशीर्वादाची दिशाच उलटी केली होती. छळणाऱ्यांनाही आशीर्वाद द्या, असे पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात सांगतो. ही शिकवण दुबळ्यांना गप्प बसवण्यासाठी वापरता येते, हा आक्षेप खरा आहे, आणि दलित साहित्य शिकवताना तो मी टाळत नाही. पण गप्प बसणे आणि आशीर्वाद देणे या एक गोष्टी नव्हेत. गप्प बसणाऱ्याजवळ देण्यासारखे काही नाही, असे धरून चालले जाते. आशीर्वाद देणारा आपल्याजवळ काही आहे, हे उच्चारवाने सांगत असतो.

मराठी साहित्याच्या अभ्यासकांना या संदर्भात टिळकांचे घर आठवल्यावाचून राहणार नाही. आमच्या गावापासून अजिंठ्याचा डोंगर उतरला की खानदेश लागतो. तिथल्याच जळगावला 1907 साली कविसंमेलन भरले. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला डॉ. कीर्तिकरांकडून ‘बालकवी’ ही पदवी मिळाली ती त्याच संमेलनात. पण पदवी एका दिवसाची असते. त्या मुलाला पुढे अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले, ते रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. टिळक 1895 साली ख्रिस्ती झालेले. स्वतः नाव मिळवलेले कवी. घरातली ओढगस्त, टिळकांचा तापट स्वभाव आणि त्यांचे बेहिशेबी औदार्य हे सारे ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, आणि त्याच घरात लक्ष्मीबाईंनी मायेने रंगवलेले ठोमरेही आहेत. ठोमरे शेवटपर्यंत ख्रिस्ती झाले नाहीत; त्या घरातले त्यांचे स्थान त्यावर अवलंबून नव्हते. एका कवीने आपल्याहून वेगळ्या वाटेने जाणाऱ्या, कदाचित आपल्याला मागे टाकील अशा कवीला जागा करून दिली. 1918 च्या मे महिन्यात बालकवी रेल्वे अपघातात गेले. पुढच्या मे महिन्यात टिळकही गेले.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जेमतेम अक्षरओळख असलेल्या या बाईंनी टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’सारखे गद्य मराठीला दिले. मनातले सोवळे कसे गळून पडले, हेही त्यांनी त्यात लपवलेले नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा नावाचा एक मनुष्य आहे. त्या नावाचा अर्थ जुन्या मराठी भाषांतरात ‘बोधपुत्र’ असा दिला आहे. मूळ ग्रीक शब्दात ‘जवळ बोलावणे’ आहे आणि त्यातूनच धीर देणे, उत्तेजन देणे हे अर्थ येतात. ‘बोध’ म्हटले की आपल्याला व्यासपीठ दिसते. बर्णबा मात्र व्यासपीठावर फारसा दिसत नाही. पौलावर यरुशलेमेतल्या शिष्यांचा विश्वास बसेना, तेव्हा तो त्याला सोबत घेऊन त्यांच्याकडे गेला. पुढे अर्ध्या प्रवासातून परत फिरलेल्या योहान मार्काला पुन्हा बरोबर न्यायला पौलाने नकार दिला. त्यावरून बर्णबाने पौलाशी कडाक्याचे भांडण केले आणि मार्काला घेऊन तो वेगळा निघून गेला. परंपरा मानते की मार्काचे शुभवर्तमान याच मार्काने लिहिले.

शिक्षकांनी ही कथा आपली मानावी, असे मला वाटते. आमच्याकडे येणारी मुले बहुधा घरातली महाविद्यालयात पोहोचलेली पहिलीच असतात. पाऊस गेला की फी राहते आणि एखादा मुलगा वर्षाच्या मध्यात दिसेनासा होतो. त्याच्या वहीत धावड्याच्या बोलीत लिहिलेले चार परिच्छेद असतात, आणि आपण त्यावर लाल शाईने ‘अशुद्ध’ असे लिहून मोकळे होतो. मी प्रोत्साहनाच्या नावाखाली खोट्या स्तुतीची बाजू मांडत नाही. ‘छान आहे’ असे सगळ्यांना म्हणणे हा आशीर्वाद नव्हे, ती टाळाटाळ आहे. ‘हे तिसरे वाक्य फक्त तूच लिहू शकला असतास, बाकीचे पुन्हा लिही, मी वाचते’ असे म्हणण्यासाठी त्याचा मजकूर नीट वाचावा लागतो. मन लावून केलेली समीक्षा आणि चांगले बोलणे यांत मला विरोध दिसत नाही.

गुणपत्रिकेत पहिला क्रमांक एकच असतो, पारितोषिकही एकच असते. त्या टंचाईची आपल्याला इतकी सवय झाली आहे की चांगला शब्दही आपण मोजून काढतो. तो कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही जातीच्या, अगदी न मागणाऱ्या माणसालाही देता येतो, आणि दिल्याने देणाऱ्याजवळचा साठा कमी होत नाही, एवढे तरी आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायला हवे.