अप्रकाशितांच्या पंक्तीत

ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही, अशांसाठीची एक कादंबरीस्पर्धा आमच्या वाचनात आली. पन्नाशी ओलांडूनही आम्ही नवोदितच! बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले, तेव्हा त्यांनी पुरती तिशीही गाठलेली नव्हती.

हस्तलिखित तयार आहे. एका धर्मग्रामाची ती कथा. परीक्षकांनी नाकारलीच, तर आम्ही अप्रकाशित राहू आणि पुढल्या खेपेस पुन्हा पात्र ठरू. त्याचे भय नाही.

अडचण निराळी आहे. धर्मगुरूच्या कानी पडलेले सारेच त्याच्या मालकीचे नसते. पापनिवेदनाचे गुपित अभंग आहे, असे १९८३च्या कॅनन कायद्याचे ९८३वे कलम सांगते. पुढचे कलम तर बजावते की, गुपित फुटण्याचा धोका नसला तरी पापनिवेदकाला जाचक ठरेल असा त्या माहितीचा उपयोग करू नये. नावगाव बदलण्याची लेखकांची नेहमीची वाट आम्हांला मोकळी नाही. तसे काही उतरले नाही ना, हे आम्ही पानन् पान वाचून पाहिले आहे.

तरीही सातव्या प्रकरणातील ती विधवा! सर्वस्वी कल्पित. परंतु रोज मिस्सेला येणारी एखादी माउली ते वाचून 'फादरांनी माझेच मांडले' असे समजली, तर ती पुन्हा पापनिवेदनास येईल काय? आमचा खुलासा तिला पटेलच असे नाही.

प्रकरण गाळले तर कथेचा कणा जातो. मुदतीला अजून तीन आठवडे आहेत. तूर्त ते बाजूला ठेवून उरलेली कादंबरी उभी राहते का, हे आम्ही पाहत आहोत.