डबीवरचं नाव

मुलांनो, परवा मी आणि माझी लेक मिळून 'रन' हा २०२० सालचा इंग्रजी सिनेमा पाहिला. दिग्दर्शक अनीश चागंटी. त्यातली क्लोई चाकांच्या खुर्चीत बसून घरीच शिकते, कॉलेजच्या पत्राची वाट बघते. टपाल मात्र नेहमी आईच घेते. एकदा बाजाराच्या पिशवीत क्लोईला गोळ्यांची डबी दिसते. डबीवर नाव आईचं, अन् गोळ्या रोज क्लोईला! क्लोई झालेली कीएरा ॲलन खरोखरीच चाकांची खुर्ची वापरते. ती छपरावरून सरपटते तेव्हा आम्ही दोघींनी श्वास रोखला होता. पुढचं सांगत नाही.

सिनेमा संपल्यावर लेकीनं विचारलं, "आई, तू माझ्यापासून काही लपवतेस का गं?"

"छे!" म्हणत मी पोळ्या करायला उठले. खरं म्हणजे कपाटात, साड्यांखाली, माझे डॉक्टरांचे कागद होते. तिची परीक्षा होईपर्यंत बोलायचं नाही, असं मीच ठरवलेलं. तिच्या भल्यासाठी! क्लोईच्या आईलाही तसंच वाटत होतं की.

गॅस बंद केला नि तिला हाक मारली.

दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. काल मात्र दवाखान्यात सोबत आली.